दुष्काळाचं जनुक सापडलं म्हणतात, मग ते आमच्या ज्वारीत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, घर मंगळवेढ्याच्या बाजूला, वडील दरसाल रब्बीत मालदांडी ज्वारी पेरतात. त्यांनी लिहिलंय : ‘वर्गात आणि बातम्यांत सतत ऐकतो की अमुक संस्थेला दुष्काळ सहन करणारं जनुक मिळालं. वडील विचारतात, मग ते बियाणं कुठाय? यंदा एका दुकानदारानं दुष्काळ जीनवाली ज्वारी म्हणून पिशवी दाखवली, ती घ्यावी का? आणि संशोधन एवढं पुढं गेलंय, तर आमच्या शेतात अजून आजोबांच्या वेळचाच वाण का?’

पिशवीचं आधी उरकतो. घेऊ नका. ज्वारीचा एकही जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घातलेला, वाण आपल्याकडे लागवडीसाठी मंजूर नाही. शेतकऱ्याच्या हातात कायदेशीरपणे आलेलं जीएम पीक म्हणजे व्यवहारात २००२ पासूनचा बीटी कापूस. त्यामुळे ‘जीन टाकलेली ज्वारी’ म्हणून कुणी विकत असेल तर एकतर तो थापा मारतोय, नाहीतर बेकायदा माल खपवतोय. माझा अंदाज थापांचा. पिशवीवर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख नसेल तर पुढं बोलायचंच कारण नाही. असेल तर वाणाचं नाव वाचा आणि तो कोणत्या जमिनीसाठी शिफारस केलेला आहे ते बघा. या जमिनीच्या मुद्द्यावर मी खाली पुन्हा येणार आहे, कारण सगळी गोम तिथंच आहे.

आता मूळ प्रश्न. मी रब्बी ज्वारीच्या पैदाशीत उमेदीची सगळी वर्षं घालवली, त्यातली बरीच डीएनए मार्करवाल्या (गुणसूत्रावर जनुकाची जागा दाखवणाऱ्या खुणा शोधणाऱ्या) मंडळींच्या बरोबरीनं. त्या अनुभवावरून सांगतो, जनुकं ढिगानं सापडलेली आहेत. तुम्ही विचारायला हवं ते वेगळंच : त्या जनुकानं नेमका कोणता दुष्काळ सोसला, आणि त्याच्या बदल्यात झाडानं काय सोडलं? बातमीत या दोन गोष्टी नसतात. शोधनिबंधात असतात, पण बहुधा पद्धतींच्या प्रकरणात बारीक अक्षरात.

दुष्काळ हा एक प्रकार नव्हेच. जुलैत बाजरी गुडघाभर असताना पावसानं तीन आठवडे दडी मारली, हा एक दुष्काळ. त्यात झाडानं तग धरला तर पुढच्या पावसावर ते पुन्हा उभं राहतं. तुमच्याकडची रब्बी ज्वारी वेगळ्याच संकटातून जाते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते, त्यानंतर पाऊस आला तर आला. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक चार महिने काढतं. निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसा हाती यावा आणि पुन्हा दमडी येणार नसावी, तसा हा कारभार आहे. सुरुवातीला उधळलं तर दाणा भरायच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात, हात रिकामे. पीक दिसायला झकास आणि कणसात पोचट दाणे हे दृश्य तुमच्या वडिलांनी कितीदा तरी पाहिलं असेल.

आता प्रयोगशाळेतला दुष्काळ बघा. वनस्पतींच्या जनुकांवरचं मूलभूत काम मोठ्या प्रमाणात अरबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या एका तणावर झालंय. वितभर झाड, दीड-दोन महिन्यांत बी ते बी, आणि २००० साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला अशी ही पहिली वनस्पती. तिच्यावरचा ठरीव प्रयोग असा : छोट्या कुंड्यांत साधी रोपं आणि जनुक बदललेली रोपं लावायची, दोनेक आठवडे पाणी तोडायचं, मग पाणी देऊन किती जगली ते मोजायचं. जनुक बदललेली जगली, बाकीची मेली, फोटो सुंदर येतो. आता विचार करा, बदललेलं रोप मुळातच खुरटं असेल तर ते कुंडीतलं पाणी हळू पितं. त्याची कुंडी उशिरा वाळते. ते दुष्काळ सोसत नाही, त्याच्यापर्यंत दुष्काळ पोचलेलाच नसतो. शिवाय जगणं ही शेतकऱ्याची कसोटीच नव्हे. ज्वारी मरत नाही हो, अगदी वाईट सालातही शेतात उभी असते. दाणा किती आणि कडबा किती, हा सवाल असतो.

या कामाला मी कमी लेखत नाही. झाड पाण्याची टंचाई कशी ओळखतं, हे आपल्याला त्याच वितभर तणानं शिकवलं. माती वाळू लागली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं, ते पानांवरची रंध्रं मिटवतं, आणि दुसरीकडे शेकडो जनुकं चालू-बंद करणाऱ्या साखळ्या हलवतं. २००९ मध्ये या संप्रेरकाचे ग्राहक रेणू हाती लागले, तेव्हा एक मोठं कोडं सुटलं. पण याच साखळीत अडचणही आहे. पाणी बाहेर जातं त्याच रंध्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. रंध्र मिटलं की पाणी वाचलं आणि वाढही थांबली, वर पान तापलं ते वेगळंच. ज्वारीला एक किलो सुका पाला-दाणा बनवायला दोनशे-तीनशे लिटर पाणी पानांतून सोडावं लागतं, आणि ज्वारी तर काटकसरी पिकांत गणली जाते. तेव्हा ‘पाणी न खर्चता वाढणारं झाड’ मागू नये, ते कुणाकडेच नाही.

जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी ड्रेब नावाच्या जनुकांवर झालेलं काम या देवाणघेवाणीचा नमुना आहे. हे जनुक सतत चालू ठेवलं तर झाड दुष्काळ, खारेपणा, गारठा सगळं सोसतं, पण खुजंच राहतं. म्हणून त्याच संशोधकांनी पुढची युक्ती केली. जनुकापुढे असा स्विच बसवला, की ताण आल्यावरच ते चालू व्हावं. खुजेपणा बराच कमी झाला. गहू, तांदूळ, भुईमूग अशा कितीतरी पिकांत ते घालून पाहिलं गेलं, आपल्या देशातही. पण कुंडीत जे दिसलं ते शेतात, वेगवेगळ्या सालांत, वेगवेगळ्या मातीत तेवढ्या ठसठशीतपणे दिसत नाही. अमेरिकेत २०१३ पासून विकला जाणारा दुष्काळ सहन करणारा जीएम मका याहून वेगळं, एका जिवाणूतलं जनुक वापरतो. त्याचाही फायदा मध्यम टंचाईत आणि माफकच असतो. कोरडंठाक शेत तो हिरवं करत नाही.

मग जनुक शोधून ते शेतात पोचवल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे, आणि झकास आहे, पण ते दुष्काळाचं नसून पुराचं आहे.

ओडिशात पुराच्या पाण्यात बुडूनही जगणारा एक जुना भात होता, एफआर १३ए. उत्पन्न कमी, भात खायला बेताचा, पण दोन आठवडे पाण्याखाली राहून पुन्हा फुटायचा. १९९६ मध्ये त्याचा हा गुण नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागी सापडला, २००६ मध्ये नेमकं जनुक मिळालं, त्याचं नाव सब-१ए. मार्करच्या मदतीनं ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. जीएमचा संबंध नाही, साधा संकर आणि नेमकी निवड. हे जनुक करतं काय? पाण्याखाली गेल्यावर झाडाला उंच वाढायची जी घाई होते ती थांबवतं. साठवलेली साखर जपून ठेवतं. पाणी ओसरलं की त्या साखरेवर नवी फूट येते. आणि गंमत पुढं आहे. २००९ मध्येच जपानी गटाला खोल पाण्यातल्या भातात याच कुळातली दोन जनुकं सापडली, त्यांना स्नॉर्केल म्हणतात. ती याच्या बरोब्बर उलट वागतात. पाणी चढलं की झाडाला भराभर उंच करून पानं पाण्यावर काढतात. येऊन ओसरणाऱ्या पुराला सब-१ए, महिनोन्‌महिने साचणाऱ्या पाण्याला स्नॉर्केल. जनुकांची अदलाबदल केली तर दोन्हीकडचा भात जाईल. पुरासारख्या सरळ संकटातही कोणता पूर हे आधी ठरवावं लागलं.

पुराला एक निर्णय पुरतो, वाढायचं की थांबायचं. रब्बीतल्या ओलीचा कारभार मात्र झाड रोज, चार महिने करतं. मुळं किती खोल जातात, फुटवे किती, पानं केवढी, दुपारच्या कोरड्या हवेत रंध्रं किती मिटतात, फुलोरा कधी येतो. प्रत्येकामागे कित्येक जनुकं. ज्वारीच्या दहा गुणसूत्रांवर तीस हजारांच्या घरात जनुकं आहेत (तिचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला) आणि टंचाईतल्या उत्पन्नावर त्यांतलं एकटं जनुक मोठा परिणाम करतं असं क्वचितच होतं.

तरीही ज्वारीत एक धागा हाती लागलाय, आणि तुमच्या उत्तराचा गाभा तोच आहे. इंग्रजीत त्याला स्टे-ग्रीन म्हणतात, म्हणजे दाणा भरताना पाणी संपत आलं तरी पानं हिरवी टिकणं. याचा जगभर वापरला गेलेला स्रोत म्हणजे बी ३५ ही लाइन, म्हणजे पैदाशीसाठी शुद्ध राखलेलं बियाणं. तिचं मूळ इथिओपियातल्या स्थानिक ज्वारीत आहे, ती घडवली टेक्सासमध्ये. तिच्यात हा गुण देणारे चार मुख्य पट्टे सापडले, एसटीजी-१ ते एसटीजी-४. पट्टे म्हणतो, कारण हा जनुकाचा नेमका ठिकाणा नव्हे. गुणसूत्राचा एक तुकडा, ज्यात शेकडो जनुकं असू शकतात.

बरीच वर्षं समज असा होता की या पट्ट्यांमुळे पान म्हातारं होण्याची क्रियाच लांबते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटानं वेगळं दाखवलं, आणि माझ्या मते ते या विषयातलं सर्वांत उपयोगी काम आहे. हे पट्टे असलेली झाडं फुटवे कमी काढतात, त्यांच्या पानांचा एकूण पसारा फुलोऱ्यापर्यंत आटोपशीर राहतो. म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं, आणि जे उरतं ते दाणा भरताना कामी येतं. पानं हिरवी राहतात ती पाणी उरल्यामुळे. हिरवेपणा हा परिणाम, कारण दोन महिने आधी घडून गेलेलं असतं.

हे कळल्यावर आमची शेतातली नजरही बदलली. हिरवं पान दिसलं की टिपून घ्यायचं, एवढ्यानं भागत नाही. हिरवेपणा तीन-चार तऱ्हांनी फसवतो. कणसात दाणेच कमी भरले असतील तर पानातला नत्र वर ओढला जात नाही आणि पान हिरवंच राहतं. थंडीत परागीभवन बिघडलेल्या कणसाखाली अशी हिरवीगार पानं हमखास दिसतात. खोडमाशीनं शेंडा मारल्यावर उशिरा आलेला फुटवाही हिरवा असतो, कारण तो वयानंच लहान असतो. आणि काही झाडांत फक्त हरितद्रव्य मोडण्याची क्रिया बिघडलेली असते, पान हिरवं पण काम बंद. मेंडेलच्या हिरव्या वाटाण्यात हाच बिघाड होता, हे २००७ मध्ये जनुकाच्या पातळीवर स्पष्ट झालं.

म्हणून काढणीच्या सुमारास आम्ही पान बघून थांबत नाही, खाली वाकतो. ताट जमिनीलगत कापायचं आणि खालची दोन पेरं उभी चिरायची. आतला गर पांढरा, भरीव, दमट असला तर त्या झाडाला शेवटपर्यंत पाणी मिळालं. गर विरून नुसते दोरे उरलेत आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके आहेत, तर तो खडखड्या, बुरशीचा रोग. ही बुरशी पाण्याच्या ताणात सापडलेल्या ज्वारीवरच जोर करते, ताटं जमिनीलगत मोडून आडवी होतात आणि कडब्याची माती होते. खऱ्या स्टे-ग्रीन लाइनीत खडखड्या ठळकपणे कमी दिसतो. माझ्या लेखी हा त्या गुणाचा सर्वांत भरवशाचा पुरावा. पानाच्या हिरवेपणाचे गुण देणाऱ्या दोन माणसांत मतभेद होतात, चिरलेल्या ताटावर होत नाहीत.

आणखी एक फसगत सांगतो, कारण एम.एस्सी.ला गेलात तर ती तुमच्याही आकड्यांत घुसेल. टंचाईच्या सालात लवकर निसवणारी (कणीस बाहेर काढणारी) झाडं जास्त दाणा देतात, कारण ती ओल संपायच्या आत उरकतात. अशा सालच्या आकड्यांवर मार्कर लावले की ‘दुष्काळाचा पट्टा’ म्हणून जे हाती येतं, ते फुलोऱ्याच्या वेळेचं जनुक निघतं. ते निरुपयोगी नाही, हलक्या जमिनीला तेच हवं. पण ऑक्टोबरअखेर एखादा दमदार पाऊस झालेल्या सालात तोच वाण मागं पडतो, कडब्यात तर फारच.

आता ‘मग एसटीजी मालदांडीत घाला की’ या मुद्द्यावर. घातलेत. मालदांडी म्हणजे एम ३५-१, मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून १९३० च्या दशकात निवडलेला वाण. त्याचा आणि बी ३५ चा संकर करून त्या पट्ट्यांची पडताळणी आपल्याच देशात झाली आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनंही एस ३५ आणि आर १६ या लाइनींत हे पट्टे उतरवले. तिथं पीव्हीसीच्या उंच नळ्यांत माती भरून एकेक झाड वाढवतात आणि नळी वजनकाट्याला टांगून झाडानं किती पाणी कधी प्यायलं ते मोजतात. त्यातून जे दिसलं ते पैदासकाराची झोप उडवणारं होतं : तोच पट्टा एका वाणात पाणी ओढण्याची ताकद वाढवतो आणि दुसऱ्यात तसलं काहीच करत नाही. जनुक ज्या घरात जातं त्या घराच्या रीतीनं वागतं. त्यामुळे ऑस्ट्रेलियात चाललं म्हणून सोलापुरात चालेल, असं गृहीत धरता येत नाही. पुन्हा तपासावं लागतं.

तपासायला वेळ जातो तो असा. ज्वारीचं फूल उभयलिंगी, स्वतःच स्वतःला फळवणारं. संकर करायचा तर आदल्या दुपारी कणसाचा थोडा भाग ठेवून बाकी छाटायचा, उरलेल्या प्रत्येक फुलातले तिन्ही पुंकेसर सुई-चिमट्यानं परागपेटी न फोडता काढायचे, कागदी पिशवी चढवायची आणि फुलं उमलली की सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग टाकायचा. पहिल्या पिढीनंतर मालदांडीशी पुन:पुन्हा संकर. परकं रक्त दर खेपेला निम्म्यावर येतं, तीन खेपांनंतर सरासरी सव्वासहा टक्के उरतं. मार्करचा फायदा इथं आहे. रोप वितभर असतानाच पानाचा तुकडा तपासून पट्टा नसलेली रोपं उपटून टाकता येतात. पण पट्ट्याच्या शेजारची नको असलेली जनुकंही चिकटून येतात. बी ३५ ठेंगणी आहे, तिचा दाणा आपल्या भाकरीच्या कामाचा नाही आणि तिला आपल्या थंडीची, खोडमाशीची सवय नाही. हे सगळं झटकायचं. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग अनेक ठिकाणच्या अनेक सालांच्या चाचण्या, मग बियाण्याची साखळी. दहा-बारा वर्षं सहज जातात.

‘स्पीड ब्रीडिंगनं वर्षात चार-पाच पिढ्या घेतात ना?’ असा पुढचा प्रश्न येईल. गहू-हरभऱ्यात दिवसाचे वीस-बावीस तास दिवे लावून ते जमतं. रब्बी ज्वारी लहान दिवसाची, रात्र मोठी झाल्याशिवाय ती निसवायचं नाव घेत नाही. तिला दिवे लावून बसवलं तर नुसती पानं काढत राहील.

आणि समजा हे सगळं जमलं, तरी शेवटची परीक्षा घरात असते. तुमच्याकडे दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा, चमकदार हवा, भाकरी गोड आणि दुसऱ्या दिवशीही मऊ हवी, कडबा उंच आणि जनावरानं आवडीनं खाल्लेला हवा. कडब्याचा पैसा कित्येक सालांत दाण्याच्या बरोबरीनं धरला जातो. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ पासून खरिपात संकरित ज्वारीनं मैदान मारलं, रब्बीत तसं झालं नाही, त्याचं मोठं कारण हेच. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही केवळ दुष्काळ सोसते म्हणून नाही.

जनुक संपादनाबद्दल, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याबद्दल, दोन शब्द, कारण तुमच्या पिढीला ते हत्यार खरोखर मिळणार आहे. २०२२ मध्ये केंद्रानं परकं जनुक न राहणाऱ्या संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजी भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. त्यातला पुसा डीएसटी राईस १ तुमच्या विषयाला धरून आहे. एमटीयू १०१० या वाणातलं डीएसटी हे जनुक त्यात निकामी केलंय. हे जनुक दुष्काळ आणि खारेपणा सोसण्याला लगाम घालतं, ते गेलं की भाताच्या पानावरची रंध्रं विरळ होतात. चांगली कल्पना आहे, पण शेतकऱ्यांच्या शेतावर दहा-पंधरा साल काढल्याशिवाय मी कुठल्याच वाणाला शाबासकी देत नाही, यालाही नाही. ज्वारीत हे काम सावकाश चाललंय, कारण ज्वारीच्या पेशीपासून प्रयोगशाळेत अख्खं रोप उभं करणं भातापेक्षा पुष्कळ अवघड जातं. आणि संपादनानं एक जनुक बदलता येतं, ओलीचा चार महिन्यांचा कारभार नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : कुंडीतला दुष्काळ तुमच्या शेतातला नसतो, टंचाई सोसण्याची किंमत झाड वाढीत मोजतं, पुरासारखं एकच मोठं जनुक इथं नाही, आणि जो स्टे-ग्रीनचा धागा मिळालाय तो मुळात पाणी मागं ठेवण्याचा आहे.

हा शेवटचा मुद्दा वडिलांना सांगा, त्यांना तो लगेच पटेल, कारण ते हे हातानं करत आले आहेत. ४५ सेंटिमीटरच्या ओळी, दोन रोपांत १५ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी साधारण दीड लाख ताटं ठेवून वेळेवर विरळणी करणं म्हणजे शेतातल्या पानांचा पसारा आवरणं. एसटीजी पट्टे फुटवे आवरून साधतात तेच. तिसऱ्या आठवड्यात फटीचं, पाचव्यात पासेचं आणि आठव्यात भेगा बुजवायला दातेरी कोळपं, ही जुनी शिफारस आजही कुठल्याही जनुकाच्या तोडीची आहे. एखादंच पाणी देता येत असेल तर पीक पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात, असताना द्या.

वाणाची निवड मात्र जमिनीच्या खोलीवर. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, फूटभर जमिनीत त्याचा तिसरा हिस्साही नाही. जिथं साठवायला जागाच नाही तिथं काटकसरी झाड काय वाचवणार? तिथं लवकर उरकणारं हवं. म्हणून शिफारशी जमिनीनुसार आहेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माऊली. मध्यमला फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. आणि हो, मालदांडीखेरीज हे सगळे वाण अलीकडच्या पैदाशीतलेच आहेत. संशोधन पोचलंच नाही असं नाही, ते ‘जीन’ म्हणून न येता वाण म्हणून आलंय. तुमच्या शेतात ते शिरलं नसेल तर त्याचं कारण जमीन, कडबा, भाकरी की बियाणं न मिळणं, हे मला इथून सांगता येणार नाही.

तुम्हाला शोधता येईल. येत्या रब्बीत शेतात चार-पाच ठिकाणी पहारीनं मुरूम लागेपर्यंत खणा आणि खोली लिहून ठेवा. त्या खोलीला शिफारस असलेले दोन वाण आणि वडिलांची मालदांडी, असे शेताचे तीन पट्टे शेजारी शेजारी, एकाच दिवशी, एकाच अंतरावर पेरा. निम्मी ताटं कधी निसवली ती तारीख टिपा. फुलोऱ्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक पट्ट्यातल्या त्याच दहा ताटांची हिरवी पानं मोजा. काढणीला ताटं चिरून बघा, दाणा आणि कडबा वेगळे तोला, आणि पीठ कुठल्या पट्ट्याचं ते न सांगता घरात भाकऱ्या करायला द्या. एका सालावर निकाल लावू नका, निदान तीन रब्बी जाऊ द्या. आकडे मला पाठवलेत तर आनंदानं बघेन. फक्त प्रत्येक पट्ट्याखालची जमीन किती खोल होती ते सोबत लिहा, नाहीतर मला त्यातून काही वाचता येणार नाही.